दंड थकला, लायसन्स अडकलं: गाडीच्या विम्याचं आता काय?

सोलापुरात कुणी ‘माझं लायसन्स सस्पेंड झालंय’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हातात कागद कुठला आलाय? कारण या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या भानगडी खपून जातात, आणि विमा कंपनीच्या लेखी त्यातली एकच खरी असते.

पहिली भानगड गाडीची. सिग्नलवर फोटो काढून केलेलं चलन गाडीच्या नंबरावर पडतं. त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं हे फोटोला ठाऊक नसतं, त्यामुळे दंड मालकाच्या नावावर. अशी चलनं थकली की गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत त्या गाडीचे व्यवहार अडकतात. गाडी विकली तरी नाव बदलत नाही, दुसऱ्या आरटीओसाठी एनओसी निघत नाही, कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरत नाही. एजंट म्हणतो ‘ब्लॅकलिस्टला पडलीय’, घरी येईपर्यंत त्याचं ‘लायसन्स सस्पेंड’ होतं. प्रत्यक्षात लायसन्सला काहीही झालेलं नसतं आणि विम्यालाही नाही.

दुसरी भानगड म्हणजे वाहतूक पोलिसानं कार्ड जमा करून घेणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली त्याला तो अधिकार आहे, पण त्याच कलमात त्यानं तात्पुरती पोच द्यायची असंही लिहिलं आहे. त्या पोचेवर तुम्ही गाडी चालवू शकता: लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर. ही पोच न घेता ‘जाऊ द्या की ओ साहेब’ म्हणत निघून येणारे फार. मग मधल्या काळात गाडी कुठे घासली तर विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरपुढे ठेवायला काही नसतं. पोच यंत्रातून निघालेल्या पातळ कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. तो कागद शर्टाच्या खिशात घामानं आणि उन्हानं पंधरा दिवसांत कोरा होतो, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

तिसरी भानगड खरी. आरटीओनं कलम १९ खाली काढलेला लेखी आदेश: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुम्ही लायसन्स धारण करण्यास अपात्र. दंड थकवला म्हणून पोलीस स्वतः हे करू शकत नाहीत. ते प्रस्ताव पाठवतात, आदेश लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याचा लागतो. आणि तो आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं त्याला बंधनकारक आहे. वेगमर्यादा मोडणं, धोकादायक चालवणं (यात सिग्नल तोडणं, चालवताना मोबाइल हातात धरणं, उलट दिशेनं घुसणं हे सगळं येतं), दारू पिऊन चालवणं, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणं, अँब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स थेट आरटीओकडे पाठवू शकतात. तिथे पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्यांदा लायसन्सच रद्द, अशी कायद्यातली पट्टी आहे.

या तिन्हींच्या शेजारी एक चौथी गोष्ट बसलेली असते. तिला कुणी सस्पेंड म्हणत नाही, पण विम्याच्या दृष्टीनं ती तितकीच वाईट. लायसन्सच्या नंबरावर चलन थकलेलं असेल तर नूतनीकरणाचा अर्ज अडू शकतो. माणूस ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो आणि मध्येच मुदत संपते. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीनं ती सवलत काढून टाकली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते लायसन्स विम्याच्या भाषेत ‘परिणामकारक’ नाही. मुदत संपून एक वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते, ते वेगळंच. चाळिशी गाठणाऱ्यांनी विशेष बघावं, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळीस वर्षं पूर्ण होताना संपतं आणि ती तारीख कुणाच्या लक्षात नसते.

आपण नेमके कुठे आहोत हे पाहायला एजंट लागत नाही. परिवहनच्या सारथी साइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की स्थिती दिसते. सोलापूरचं लायसन्स ‘एमएच १३’नं सुरू होतं, अकलूजचं ‘एमएच ४५’नं, पुढे वर्ष आणि मग सात आकडे. जुन्या पुस्तकातला नंबर टाकताना हे सात आकडे भरायला पुढे शून्यं द्यावी लागतात. तिथेच निम्मे लोक ‘रेकॉर्ड सापडत नाही’ वाचून घाबरतात. खिशातल्या कार्डावर विश्वास ठेवू नका. आदेश निघाला तरी कार्ड तसंच दिसतं. खरं काय ते प्रणालीतली नोंद सांगते, आणि कंपनीचा माणूस तीच नोंद काढतो.

आता दंड. गाडीवर काय काय साचलंय ते महाट्रॅफिकच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ई-चलनांच्या, साइटवर किंवा ॲपवर दिसतं. गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, आरसी जवळ घेऊन बसा. प्रत्येक चलनाचा फोटो उघडून बघा. नंबरप्लेटवरचा ३ आणि ८ यांची गल्लत, दुसऱ्याच रंगाची गाडी, आपल्या चारचाकीवर हेल्मेटचं चलन असले प्रकार निघतात. असं चलन भरून टाकू नका. तिथेच तक्रारीचा पर्याय आहे, त्यात आरसी आणि गाडीचा समोरून काढलेला फोटो जोडा. एकदा भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं आणि मग ते खोडणं अवघड.

सोलापूरकरांचा एक खास घोळ इथे होतो. आपलं शहर तीन राज्यांच्या रस्त्यांवर बसलंय. हैदराबादला जाणारे, विजयपूर-कलबुर्गीला नातेवाईक असणारे घरोघरी आहेत. महाट्रॅफिकवर फक्त महाराष्ट्रातली चलनं दिसतात. तेलंगणाची आणि कर्नाटकाची त्यांच्या त्यांच्या पोलिसांच्या साइटवर बघावी लागतात. ‘सगळं भरलं तरी गाडी अजून अडकलेलीच दाखवते’ असं कुणी म्हणालं की उत्तर बहुधा जहीराबादच्या पलीकडे कुठेतरी सापडतं.

भरल्यावर पावती पीडीएफ करून ठेवा, व्यवहार क्रमांकासकट. बँकेतून पैसे गेले आणि चलन थकीतच दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, दोन-तीन दिवस थांबून पुन्हा बघा. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडायची नाही. त्यानं दंड फिटत नाही, खातं रिकामं होतं. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं.

ज्यांची चलनं जुनी आहेत त्यांना राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी मोबाइलवर नोटीस येते. तिथे तडजोडीनं प्रकरण मिटू शकतं. काही लोक सवलत मिळेल म्हणून मुद्दाम लोकअदालतीपर्यंत थांबतात. तो जुगार आहे. सवलत मिळेलच याची हमी कुणी देत नाही, आणि या वाट बघण्यातच लायसन्सची मुदत संपते किंवा आरटीओची नोटीस येऊन पडते.

ती नोटीस कुठे येऊन पडते, हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. कारणे दाखवा नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. लायसन्स काढलं तेव्हा घर शहरातल्या जुन्या पेठेत, आता बंगला जुळे सोलापुरात, आणि पत्ता बदलायचा राहिलेला. पोस्टमन जुन्या दारावर जाऊन परत जातो, सुनावणीला कुणी हजर नाही, आदेश एकतर्फी निघतो. गाडी मात्र रोज होटगी रोडवर धावते आहे, आणि चालवणाऱ्याला कल्पनाही नाही की अमक्या तारखेपासून आपण अपात्र आहोत. कळतं केव्हा, तर क्लेमच्या वेळी. म्हणून सारथीवर पत्ता आणि मोबाइल नंबर दोन्ही आजचे करून घ्या. हे काम ज्यांच्यावर अजून काही आलेलं नाही त्यांनीही करायला हरकत नाही.

नोटीस मिळाली तर विजापूर रोडला आरटीओत दिलेल्या तारखेला जायचंच. बरोबर न्यायचं ते असं: नोटीस, मूळ लायसन्स, आरसी, चालू विमा, पीयूसी, भरलेल्या सगळ्या चलनांच्या पावत्या, आणि लेखी म्हणणं दोन प्रतींत. एक प्रत द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा. चलनातल्या वेळी गाडी दुसरा कुणी चालवत होता तर त्याचं नाव, लायसन्सची प्रत आणि त्याच्या सहीचं पत्र लागतं. नुसतं ‘मी नव्हतो’ म्हटलं की ‘मग कोण होतं?’ हा प्रश्न येतोच, आणि कलम १३३ प्रमाणे ते सांगणं मालकावर बंधनकारक आहे. सुनावणीआधी दंड भरून पावत्या ठेवल्या तर फायदा होतो, पण पावत्या म्हणजे सुटका नव्हे. अधिकारी सोडूही शकतो, आदेशही काढू शकतो.

आदेश निघाला तर त्यातल्या दोन ओळी लाल पेनानं खूण करून ठेवाव्यात. एक, कालावधी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी, अपील कुणाकडे. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. नुसतं अपील टाकलं म्हणून गाडी चालवायला मोकळे झालो असं समजू नका, स्थगिती मिळाल्याचा कागद हातात लागतो. अपात्रतेच्या काळात गाडी चालवताना सापडलं तर कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन्स नसताना चालवण्याच्या दंडाच्या ही दुप्पट आहे.

इथून विमा सुरू होतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा छोटा मजकूर असतो, शेड्यूलच्या खालच्या भागात, बारीक अक्षरात. त्याचा अर्थ असा: विमाधारकासह कोणीही ही गाडी चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे परिणामकारक लायसन्स असावं आणि तो लायसन्स धारण करण्यास किंवा मिळवण्यास अपात्र ठरवलेला नसावा. सगळा खेळ ‘अपघाताच्या वेळी’ या दोन शब्दांवर आहे. काल अपात्र होतात, आज अपात्रतेचा काळ संपून लायसन्स परत चालू झालं, आज अपघात झाला: क्लेम चालतो. आज आदेश लागू, उद्या संपणार, आज अपघात: क्लेम गेला. दंड किती थकला, किती भरला, याला या कलमात जागाच नाही.

त्यातून दुसरी गोष्ट निघते, जी ऐकून लोकांना बरं वाटतं. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. मालकाचं लायसन्स गेलं म्हणून ती रद्द होत नाही, आणि नूतनीकरणाला लायसन्स मागतही नाहीत. जुनी पॉलिसी आणि आरसी पुरते. हप्ताही वाढत नाही. तो ठरतो गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत), इंजिनची सीसी, वय, झोन आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) यांवर. सोलापूर झोन ‘बी’त येतं, पुणे-मुंबई-हैदराबादच्या नोंदणीपेक्षा ओडीचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, दर थोडा कमी. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या भागाचा, हप्ता तर सरकारच ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६, त्याच्या वर ७,८९७, आणि वर जीएसटी १८ टक्के. ‘तुमचं लायसन्स सस्पेंड आहे, जास्तीचा हप्ता लागेल’ असं कुणी सांगितलं तर ते कोणत्या नियमात आहे ते लिहून मागा. मात्र प्रपोजल फॉर्मवर चालकाच्या शिक्षेबद्दल किंवा लायसन्सबद्दल प्रश्न विचारला असेल तर खरं उत्तर द्या. खोटं उत्तर म्हणजे कंपनीच्या हातात आयतं हत्यार.

‘गाडी काढतच नाय तर विमा कशाला भरू?’ हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. हिशेब बघा. समजा ओडीचा मूळ हप्ता ६,००० रुपये आणि एनसीबी ३५ टक्के, म्हणजे २,१०० रुपयांची सूट. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ही सूट शून्यावर येते आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढायला सुरुवात. शिवाय खंड पडला म्हणून गाडीची तपासणी होते: चॅसिस नंबर, चारही बाजू, काच, मीटर, बॉनेट उघडून आतला भाग, सगळ्याचे फोटो. जुने ओरखडे आणि डेंट तिथे नोंदवले जातात आणि पुढच्या क्लेममधून वगळले जातात. बरं, घरासमोर उभ्या गाडीवर एप्रिलच्या वळवात झाड पडलं, गारांनी काच फुटली, कुणी गाडी उचलून नेली, आग लागली, तर यात चालवणारा कुणी नव्हताच. मालकाचं लायसन्स सस्पेंड असलं तरी असा क्लेम त्या कारणानं अडायचं कारण नाही. क्लेम फॉर्मवर चालकाच्या रकान्यात ‘गाडी उभी होती’ एवढंच लिहायचं. सवयीनं स्वतःचं नाव आणि लायसन्स नंबर लिहून नसती चौकशी ओढवून घेतात काही जण. आणि विम्याशिवाय रस्त्यावर सापडलात तर पहिल्यांदा २,००० आणि पुढे ४,००० रुपये दंड आहेच, कैदेची तरतूद वेगळी.

या काळात गाडी दुसऱ्यानं चालवली तर? मुलगा, भाऊ, शेजारी, पगारी ड्रायव्हर, कुणीही चालेल. त्याचं लायसन्स चालू आणि योग्य वर्गाचं हवं, एवढंच. पॉलिसीत त्याचं नाव घालावं लागत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याच्यासाठीचं कायदेशीर दायित्वाचं कव्हर जोडून घ्या, वर्षाला साधारण ५० रुपयांचं काम आहे. पण त्याचं लायसन्स स्वतः सारथीवर तपासा आणि त्या दिवशीचा स्क्रीनशॉट ठेवा. हा स्क्रीनशॉट पुढे सोन्याचा ठरू शकतो. चालक अपात्र निघाला तरी मालकानं वाजवी काळजी घेतली होती की नाही, हे न्यायालय बघतं.

एक कव्हर मात्र या काळात खरोखर निकामी होतं: मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा, ज्याला सगळे सीपीए म्हणतात. त्याची अटच अशी की मालकाकडे अपघाताच्या वेळी परिणामकारक लायसन्स असावं. अपात्रतेच्या काळात नूतनीकरण आलं तर फॉर्मवर ‘माझ्याकडे परिणामकारक लायसन्स नाही’ हा पर्याय निवडून सीपीए वगळता येतं. एजंट घाईत जुनीच टिक राहू देतो आणि तुम्ही ज्या कव्हरचा पैसा मिळणार नाही त्याचा हप्ता भरता.

आता ज्या प्रसंगाची भीती असते तो: आदेश चालू असताना मालकानंच गाडी चालवली आणि ठोकली. आपल्या गाडीचं नुकसान आधी बघू. गाडी साडेचार वर्षांची, १,२०० सीसी, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नाही. बंपर ६,०००, बॉनेट ९,०००, पुढची काच ८,०००, मजुरी ५,०००, एकूण बिल २८,०००. लायसन्स ठीक असतं तर बंपर प्लॅस्टिकचा म्हणून निम्मे ३,००० मिळाले असते. बॉनेट धातूचं, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के घसारा, म्हणून ५,८५०. काचेला घसारा नाही, पूर्ण ८,०००. मजुरी ५,०००. बेरीज २१,८५०, त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,०००, म्हणजे हातात २०,८५०. अपात्र असताना यातला एक रुपयाही कंपनी देणं लागत नाही, आणि कॅशलेस गॅरेज असेल तर पूर्ण बिल भरल्याशिवाय गाडी बाहेर येत नाही.

अशा वेळी गॅरेजमध्येच सल्ला मिळतो: ‘पोराचं नाव घाला की चालक म्हणून.’ हे करू नये, आणि ते नैतिकतेच्या आधी व्यवहार म्हणूनच करू नये. तपासणारा माणूस एक तर रोज हेच करतो. पुण्याहून येताना गाडी वरवडे आणि सावळेश्वर टोलवरून गेली, तिथली वेळ फास्टॅगवर आहे. त्याच वेळी पोराचं बोट त्याच्या नोकरीच्या ठिकाणच्या हजेरी यंत्रावर उमटलेलं असतं. जखमी सिव्हिलला नेला असेल तर तिथल्या कागदात ‘गाडी चालवताना’ असं लिहिलेलं असतं, आणि ते वाक्य जखमीनंच सांगितलेलं असतं. पोलिसात नोंद झाली असेल तर पंचनाम्यात चालकाचं नाव आहे. ही बनवाबनवी उघडी पडली की क्लेम तर जातोच, वर फसवणुकीचं प्रकरण अंगावर येतं आणि पोरगा विनाकारण गुन्ह्याच्या कागदात अडकतो.

समोरच्या माणसाला लागलं किंवा तो दगावला तर विषय मोठा. थर्ड पार्टीच्या दाव्यात कंपनीला बचाव म्हणून अपात्र चालकाचा मुद्दा मांडता येतो. कायद्यातच तो दिला आहे, आज कलम १५० मध्ये. पण नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी घालून दिल्या. मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे कंपनीनं सिद्ध करायचं. आणि सिद्ध झालं तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं की आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा. प्रत्येक दाव्यात असंच होईल असं नाही. पण मालक स्वतःच अपात्र असताना स्वतः चालवत होता, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा फार थोडी उरते. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही होऊ शकते. ज्याच्या नावावर मोहोळला किंवा बार्शीला सातबारा आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

थकीत चलनं आणखी एका ठिकाणी अचानक आडवी येतात. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेल्यानं टोटल लॉस ठरली. क्लेम मंजूर आहे, चालकाचा प्रश्न नाही, तरी चेक निघत नाही. कारण आरसी रद्द करणं किंवा दुसऱ्याच्या नावावर करणं हा आरटीओचा व्यवहार, आणि गाडी प्रणालीत अडकलेली. तेलंगणातलं विसरलेलं चलन इथे दोन महिने खातं. म्हणून सर्व्हे झाला त्याच आठवड्यात सगळी चलनं मिटवून पावत्यांची एक फाइल कंपनीला देऊन टाका.

क्लेम नाकारला तर नकाराचं पत्र लेखी घ्या, त्यात कोणत्या अटीवर आणि कोणत्या तारखेच्या नोंदीवर नाकारलं ते असायला हवं. नोटीसच मिळाली नव्हती, किंवा अपघात पोचेच्या मुदतीत झाला होता, किंवा आदेशाची तारीख चुकीची धरली गेली, अशा प्रकरणांत भांडायला मुद्दा असतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. सोलापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे, फी नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. आदेश खरोखर लागू असताना स्वतः चालवली असेल तर हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

शेवटी कालावधी संपतो. तारीख उलटली की लायसन्स आपोआप हिरवं होतं असं धरून चालू नका. कायद्यात लायसन्स परत देण्याआधी चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करायला लावण्याची तरतूद आहे. ते लागू असेल तर प्रमाणपत्र घेऊन आरटीओत जा, कार्ड ताब्यात घ्या आणि खिडकीसमोर उभे असतानाच मोबाइलवर सारथी उघडून स्थिती ‘ॲक्टिव्ह’ दिसते का ते बघा. दिसत नसेल तर तिथून हलू नका, घरी आल्यावर पुन्हा विजापूर रोडला चक्कर मारायला लागते. त्या पानाचा तारखेसह प्रिंट पॉलिसीच्या फाइलला लावा. सीपीए वगळलेलं असेल तर ते परत घ्यायला पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहावी लागत नाही. २०१९ पासून ते वेगळी पॉलिसी म्हणूनही मिळतं, आणि स्वतःच्या नावावर दोन गाड्या असल्या तरी एकच पुरतं.